विनोदी लेखकाची मरणोत्तर नोकरी

आमच्या नारायण पेठेंत माणसाच्या उद्योगाची किंमत ठरविण्याचें एक जुनें आणि फार खात्रीचें माप आहे. लग्नाच्या बैठकींत "मुलगा काय करतो?" असा प्रश्न आला म्हणजे त्याचें उत्तर जितक्या थोड्या शब्दांत देतां येईल तितका तो उद्योग भारदस्त. "बँकेंत आहे," "वकील आहे," "अमेरिकेंत आहे." अमेरिकेंत असणें हा उद्योग कसा होतो हें आम्हांला अद्यापि उमगलेलें नाहीं, परंतु होतो खरा. ज्या उत्तरामागून "म्हणजे?" असा दुसरा प्रश्न येतो तो उद्योग हलका, आणि "म्हणजे नक्की काय करतो?" असा तिसरा प्रश्न ज्याला लागतो तो तर उद्योगच नव्हे. या मापानें पाहिलें तर दूरचित्रवाणीसाठीं विनोद लिहिणारा लेखक हा आमच्या पेठेंतील सर्वांत निरुद्योगी गृहस्थ ठरेल. मुलगा लेखक आहे. म्हणजे? टीव्हीसाठीं लिहितो. म्हणजे नक्की काय लिहितो? लोक हसतात तें. येथवर येईपर्यंत बशींतले पोहे थंड झालेले असतात आणि मुलीचे मामा दाराशीं आपल्या चपला शोधूं लागलेले असतात.

आणि मौज अशी कीं, महाराष्ट्रांतील कुटुंबेंच्या कुटुंबें या पेटीसमोर बसवून त्यांना पोटभर हसविण्याचा पहिला मोठा मान आमच्या मतें ज्या लेखकाकडे जातो, तो या बैठकींत उभ्या उभ्या पसंत पडला असता. पुण्यांत जन्मलेला, धर्मानंद कोसंबींच्या हाताखालीं शिकलेला, बडोद्यास पालीचा प्राध्यापक. चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १८९२ चा आणि मृत्यु १९६३ चा. मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें तें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. म्हणजे या नव्या नोकरीवर रुजू होण्याच्या नऊ वर्षें आधींच हा गृहस्थ इहलोकींची सेवा संपवून गेला होता. नोकरी संपल्यावर निवृत्तिवेतन मिळालेलीं माणसें आमच्या पेठेंत घरोघरीं आहेत. आयुष्य संपल्यावर नोकरी मिळालेला हा एकच.

पाली शिकविणाऱ्या माणसास विनोद कसा सुचला, असें लोक नवलानें विचारतात. आम्हांला हा प्रश्न उलट्या बाजूनें विचारावासा वाटतो. ज्यानें जातकांतील निवडक गोष्टी मराठींत आणल्या, गौतम बुद्धाचें चरित्र सांगितलें, त्याला माणसाच्या तृष्णेची, मोहाची आणि त्यापायीं होणाऱ्या फजितीची ओळख दुसऱ्या कोणत्या शाळेंत अधिक चांगली झाली असती? जातककथांतील माकडें, मगरी, लोभी ब्राह्मण आणि उतावळे राजे यांची वर्दळ पाहिली म्हणजे तेथून चिमणरावांच्या बिऱ्हाडापर्यंतची वाट फारशी लांब नाहीं असें वाटूं लागतें. १९३२ सालीं 'एरंडाचें गुऱ्हाळ' निघालें, १९३३ सालीं 'चिमणरावांचें चऱ्हाट'. आणि त्याच १९३३ सालीं 'पटिसंभिदामग्ग' या ग्रंथावरील 'सद्धम्मप्पकासिनी' नांवाच्या टीकेचा जोशींनीं संपादिलेला पहिला भाग लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीनें प्रसिद्ध केला. तें काम पुढें १९४७ पर्यंत चाललें. एका हातानें चऱ्हाट वळावें आणि दुसऱ्या हातानें पाठभेद लावावे, असा हा चौदा वर्षांचा दुहेरी संसार. ग्रंथालयांतून या दोन्ही प्रकारच्या पुस्तकांचीं कपाटें अर्थातच निराळीं असतात. आमच्या एका सहाध्यायास, पालीच्या व्याकरणावर नांव असलेले सी. व्ही. जोशी आणि चिमणरावांचे चि. वि. जोशी हे दोन स्वतंत्र गृहस्थ आहेत असें पदवी हातीं पडेपर्यंत वाटत होतें. आणि खरें सांगावयाचें तर त्याचें तें मत अगदींच टाकाऊ नव्हतें.

कारण या दोन कपाटांच्या मध्यें पोटापाण्याचा एक मुद्दा दडलेला आहे. चि. वि. यांची भाकरी पालीवर भाजत होती. विनोद ही तिच्याबरोबरची चटणी. चटणी नसली म्हणून कोणी उपाशी राहत नाहीं. ज्या महिन्यांत कांहीं सुचलें नाहीं त्या महिन्यांत चिमणराव मुकाट्यानें घरीं बसत, आणि मासिकाचा संपादक फार तर एक पत्र पाठवी. एखाद्या प्रसंगाला वाट पाहावयास लावण्याची, तो मुरेपर्यंत झांकून ठेवण्याची ही जी ऐट, ती ज्याच्या घरीं पहिल्या तारखेस दुसरीकडून पगार येतो त्यालाच परवडते. आम्ही स्वतः असाच पगार घेणारे असल्यामुळें या मुद्याकडे आमचें लक्ष चटकन गेलें असेल, हें कबूल.

त्या कथांची सारी गंमत सांगणाऱ्याच्या गळ्यांत आहे. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या विनोदांत लेखकाची बुद्धि आपल्या डोळ्यांदेखत आतषबाजी उडवीत असते. चि. वि. यांनीं दारू विझविली आणि माजघरांत समई लावली. घरभाडें, बायकोचें माहेर, मुलांचीं दुखणीं, बहिणीच्या लग्नाची खटपट, साहेबाची मर्जी. बस्स, एवढाच मालमसाला. चिमणराव स्वतः आपली हकीकत सांगतात, आणि एखाद्या कमिशनापुढें साक्ष द्यावी तितक्या गांभीर्यानें सांगतात. आपण केलें तें शहाणपणाचेंच होतें याविषयीं त्यांना तिळभर शंका नसते. वाचकाला मात्र ओळींच्या मधून खरी गोष्ट दिसत असते. घडलें तें एक आणि सांगितलें तें एक, या दोहोंच्या फटींत हा विनोद पाय पसरून बसलेला असतो.

अशा लेखकाला पडद्यावर नेणाराची मोठी पंचाईत होते. कारण पडद्यावर सांगणाराच नाहींसा होतो आणि फक्त घडलेलें उरतें. मास्टर विनायक यांनीं १९४० सालीं 'लग्न पहावें करून' या बोलपटांत दामूअण्णा मालवणकरांना चिमणराव आणि विष्णुपंत जोगांना गुंड्याभाऊ करून ही पंचाईत प्रथम अंगावर घेतली. लेखक तेव्हां हयात होता, बडोद्यास पाली शिकवीत होता, आणि आपलीं माणसें हिंडतांना-फिरतांना पाहण्याचें भाग्य त्याला लाभलें. दूरचित्रवाणीच्या बाबतींत तें लाभलें नाहीं. 

येथें इतिहासानें आणखी एक थट्टा करून ठेविली आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस प्रयोग म्हणून दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हां तिच्या पाळण्यापाशीं मराठींतील एक विनोदी लेखक खरोखरच उभा होता. पु. ल. देशपांडे हे नभोवाणीच्या नोकरींतून लंडनला बी. बी. सी. मध्यें हें नवें तंत्र शिकून आले होते, आणि त्या प्रारंभींच्या दिवसांत पंडित नेहरूंची मुलाखत घेण्याचें कामहि त्यांच्याकडेच आलें. म्हणजे पेटी होती, विद्या होती आणि माणूस होता. परंतु दिल्लींत त्या वेळीं संच मोजके आणि हसणारे त्याहून मोजके. पु. लं.नीं थोड्याच काळांत सरकारी नोकरीस रामराम ठोकला आणि 'बटाट्याची चाळ' घेऊन ते एकटेच रंगभूमीवर उभे राहिले, जेथें आपल्या वाक्याचें काय झालें हें लेखकाला त्याच क्षणीं ऐकूं येतें. त्यांनीं केलें तें योग्यच केलें. ज्याला प्रेक्षकाचें हसूं कानांनीं ऐकण्याची चटक लागली त्यानें निर्जीव कांचेसाठीं कां लिहावें? त्यामुळें जिवंत आणि तज्ज्ञ विनोदकार निघून गेला, आणि जागा राहिली ती दिवंगत प्राध्यापकासाठीं.

मुंबईचें केंद्र सुरू झाल्यावर लौकरच पुण्यासहि त्याचे कार्यक्रम दिसूं लागले आणि सिंहगडावर मनोरा उभा राहिला. केसरीवाड्यापासून हांकेच्या अंतरावरील एका वाड्यांत तेव्हां आमचें बिऱ्हाड होतें. वाड्यांत बिऱ्हाडें अकरा आणि टीव्हीचा संच एक, तो अर्थातच मालकांच्या दिवाणखान्यांत, दोन सरकत्या लाकडी दारांच्या आड, देवघरांतल्या देवासारखा. कौलांवरच्या दांड्याचें तोंड सिंहगडाकडे वळवून ठेवलेलें असे. कावळा बसून तें फिरलें कीं चित्रांतलीं माणसें वाहून जाऊं लागत आणि मालकांचा धाकटा मुलगा पत्र्यावर चढे. 'चिमणराव' ही मालिका सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आली तेव्हां आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतों. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ, स्मिता पावसकर काऊ. मालिकेच्या उभारणीमागें विजया धुमाळे आणि याकूब सईद हीं नांवें. त्या दिवशीं सतरंजीवर मुलें, भिंतीशीं बायका, खुर्च्यांवर मालक आणि वडीलधारीं मंडळी, व उंबरठ्यावर आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतले एक निवृत्त शाळामास्तर, अशी बैठक भरे.

हे मास्तर चि. विं.चे एकनिष्ठ वाचक. ते येतांना मांडीवर मूळ पुस्तक घेऊन बसत, आणि पडद्यावर एखादें वाक्य पुढेंमागें झालें कीं अंधारांतून आवाज येई, "मुळांत असं नाहीं!" कांहीं वेळ हें सर्वांनीं सोसलें. अखेर एके दिवशीं मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, मुळांतलं घरीं वाचा हो. इथं चिमणराव काय म्हणतोय तें ऐकूं द्या कीं जरा." मास्तर त्या दिवशीं उठून गेले आणि पुढल्या वेळीं पुस्तकाशिवाय आले. मध्येंच ते आमच्या वडिलांना हळूच म्हणाले, "काऊचा चेहरा पाहिलात? हा मुळांत कुठंच नाहीं." त्यांच्या त्या वाक्यांत टीकेपेक्षां नवलच अधिक होतें.

त्या वयांत आम्हांला त्याचा अर्थ कळला नाहीं. पुढें वर्गांत कादंबरींतील निवेदक शिकवूं लागलों तेव्हां तें वाक्य पुष्कळदां आठवलें. पुस्तकांत काऊचा चेहरा दिसत नाहीं याचें कारण चिमणरावांनीं तो कधीं पाहिलेलाच नाहीं. ते स्वतःची हकीकत सांगण्यांत गुंग आहेत. कॅमेरा मात्र चिमणराव नव्हे. चिमणराव बढाई मारीत असतां तो खुशाल बायकोकडे वळतो, आणि जी फट चि. विं.नीं दोन वाक्यांच्या मध्यें ठेविली होती ती आतां नवऱ्याचें बोलणें आणि बायकोचें मौन यांच्या मध्यें उघडते. प्रभावळकरांनीं चिमणरावांना विदूषक केलें नाहीं हें त्यांचे थोर उपकार. आपण बरोबर आहोंत अशी ज्याची प्रामाणिक समजूत आहे असा एक सज्जन, किंचित् भित्रा गृहस्थ त्यांनीं उभा केला. आणि शेजारीं बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, ज्याची प्रत्येक गोष्टींत मनगट हेंच शेवटचें उत्तर अशी श्रद्धा. १९७९ सालीं याच जोडीचा 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट निघाला. पुस्तकाकडून बोलपटाकडे आणि पेटीकडून पुन्हां बोलपटाकडे अशी ही लेखकाची मरणोत्तर बदली होत राहिली, आणि त्या बदलीबद्दल त्यानें एकदांहि कुरकुर केली नाहीं.

परंतु दिवंगत लेखकाच्या नोकरीला एक मर्यादा आहे. तो नवें लिहीत नाहीं, आणि पेटीची भूक तर आठवड्यागणिक वाढते. दहा-बारा गोष्टींचें एक पुस्तक धरलें तर आठवड्यास एक याप्रमाणें तें तीन महिन्यांत फस्त होतें. चि. विं.नीं तीस वर्षांत मुरवून ठेवलेलें लोणचें दोन-तीन हंगामांत बरणीच्या तळाशीं येणार, हें कोणाहि गृहिणीला सांगतां आलें असतें. अमेरिकेंत ही भूक फार आधीं ओळखली गेली. तेथें १९५० ते १९५४ पर्यंत सिड सीझर यांचा दीड तासाचा कार्यक्रम दर आठवड्यास सरळ प्रेक्षकांसमोर होई, आणि त्यासाठीं लेखकांची टोळीच्या टोळी एका खोलींत कोंडून घातलेली असे. मेल ब्रुक्स आणि नील सायमन हे त्या खोलींतलेच कैदी; सायमन यांनीं पुढें १९९३ सालीं त्या कोंडवाड्यावर एक नाटकच लिहून आपला सूड उगविला. इंग्लंडांत रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन या दोघांनीं भागीदारी केली. आपल्याकडे हिंदींत १९८४ सालीं 'ये जो है ज़िंदगी' आलें तेव्हां तें लिहिणारे शरद जोशी हे मुळांत नियतकालिकांतून घडलेले व्यंगकार. १९८८ मध्यें 'वागळे की दुनिया' आली. तिच्या मुळाशीं आर. के. लक्ष्मण यांची कल्पकता, आणि नायक पुन्हां एक मराठी आडनांवाचा कारकून! व्यवहारांत ज्या कारकुनाला कोणी विचारीत नाहीं त्याला विनोदांत इतकें अग्रपूजेचें पान कां मिळावें, यावर एखाद्या होतकरू विद्यार्थ्यानें प्रबंध लिहावा. मार्गदर्शन करण्यास आम्ही तयार आहों.

मराठींत त्या वंशाचा पुढला पुरुष निघाला तोहि मजेशीर रीतीनें. ज्यांनीं चिमणरावांचा कोट अंगांत घातला होता त्या प्रभावळकरांनींच लेखणी उचलली. टिपरे नांवाच्या कुटुंबांतील माणसांच्या रोजनिशीच्या रूपानें त्यांनीं 'अनुदिनी' हें वृत्तपत्रीय सदर लिहिलें, आणि त्यावरून २००१ सालीं 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही केदार शिंदे दिग्दर्शित मालिका अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. आजोबांची भूमिका अर्थातच स्वतः लेखकाकडे. आमच्या घरीं ती तीन पिढ्यांनीं एकत्र पाहिली. तिच्यांत आरडाओरडा नाहीं, कोणी कोणाच्या अंगावर पडत नाहीं. एका मध्यमवर्गीय घरांत जेवणें होतात, रुसवे होतात, आणि रोजनिशींत प्रत्येकाचें सत्य निराळें उतरतें. चिमणरावांच्या एकट्याच्या साक्षीऐवजीं येथें घरांतल्या सर्वांच्या साक्षी घेतलेल्या आहेत, काऊच्या धरून. इतकी साधी आणि इतकी मोठी सुधारणा करावयास साठ-सत्तर वर्षें लागलीं. मात्र या वंशावळींतील एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. चिमणराव मासिक-पुस्तकांच्या जगांतून आले, टिपरे वृत्तपत्राच्या सदरांतून. पेटीनें दोन्ही वेळां आयतें मुरलेलें उचललें. तिनें स्वतःच्या अंगणांत काय लावलें?

लावलें नाहीं असें नव्हे. विनायक चासकरांच्या 'गजरा' या कार्यक्रमानें दूरदर्शनवर लहान-लहान प्रहसनांची संवय लोकांस लावली होतीच. अलीकडे २०१४ पासूनचें 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ पासूनची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांनीं तें झाड चांगलेंच फोफावविलें. कांहीं विद्वान मित्र या कार्यक्रमांचा उल्लेख झाला कीं नाक मुरडतात आणि चि. विं.चें नांव घेऊन उसासा टाकतात. आम्हांला तो उसासा अनाठायीं वाटतो, कारण हें कूळच वेगळें. त्या प्रहसनांचा पूर्वज चिमणराव नसून तमाशांतली बतावणी आहे: दोन माणसें समोरासमोर, शब्दाला शब्द, आणि ऐन वेळीं सुचेल त्याला मुभा. समीर चौघुले किंवा प्रसाद खांडेकर यांच्यासारखे नट स्वतःच लेखकहि असतात तें याच परंपरेला धरून. सोंगाड्याला कोणी कधीं हस्तलिखित मागितलें होतें? प्रश्न उरतो तो त्या दोन्हीं कुळांबाहेरच्या माणसाचा. जो नट नाहीं, ज्याला पालीची वा बँकेची नोकरी नाहीं, आणि ज्याला आठवड्याच्या आठवड्याला बसून हसूं लिहावयाचें आहे.

असा एक तरुण आमच्याच वर्गांतून निघाला. मुलगा पेठेंतलाच, एम. ए. ला इंग्रजी घेतलें, पुरुषोत्तम करंडकासाठीं एकांकिका लिहिल्या, आणि अधिव्याख्यात्याच्या परीक्षेचा अर्ज भरण्याच्या वेळीं मुंबईस निघून गेला. आज सहा-सात वर्षें तो एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमासाठीं लिहितो. त्याचे वडील बँकेंतून निवृत्त झालेले, मोजून बोलणारे गृहस्थ. गेल्या दिवाळींत ते आमच्याकडे आले, खुर्चीच्या अगदीं कडेवर बसले, आणि म्हणाले, "सर, तुमचा विद्यार्थी आहे. तुमचं ऐकेल. जरा समजावा त्याला."

त्यांची तक्रार पैशाची असेल अशी आमची कल्पना. ती होतीच, भागागणिक मोबदला, तोहि केव्हां मिळेल त्याचा नेम नाहीं, आणि नापसंत झालेल्या प्रहसनाचे तर कांहींच नाहींत. परंतु त्यांचें खरें दुखणें दुसरेंच होतें. "त्याची आई रोज शेवटपर्यंत बसून राहते हो. शेवटीं नांवं येतात ना? तीं अशीं धांवतात कीं वाचतां येत नाहींत. मग ती मोबाईल घेऊन पडद्यासमोर उभी राहते, फोटो काढायला. वर्षभरांत एकच नीट आला. त्यांत आडनांव आहे, नांव पुढं गेलं." आम्हीं त्यांना चि. विं.ची सारी हकीकत सांगितली. पालीची भाकरी, विनोदाची चटणी, मरणोत्तर नोकरी, सगळें. तें त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "मग तुम्ही त्याला पाली शिकवा."

मुलगा सुट्टीस आला तेव्हां आम्हीं खरोखरच तो विषय काढला. पाली शिकविण्याची योग्यता आमच्या अंगीं नाहीं. परंतु कॉलेजांत एक जागा रिकामी होणार होती. नोकरी धर, महिन्याकाठीं एक चांगली कथा लिही, ती मुरूं दे, असें आमचें साधें म्हणणें. त्यानें नम्रपणें ऐकलें. मग आपल्या कामाचा क्रम सांगितला. सोमवारीं विषय ठरतात. मंगळवारीं वाचन होतें आणि अर्धें लिहिलेलें कापलें जातें. तालमींत नट चार वाक्यें आपल्या तोंडाला बसतील अशीं फिरवितात. आणि चित्रणाच्या दिवशीं जें वाक्य सर्वांत मोठें हसूं घेतें, ज्याला ते लोक पंच म्हणतात, तें बहुधा तेथल्या तेथें कोणाला तरी सुचलेलें असतें. "मग त्यांत तुझं काय उरतं?" आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "सर, माणूस कसा बोलतो तें माझं उरतं. महिन्याला एक गोष्ट लिहायची असती तर मी महिन्यांतून एक दिवस कान उघडे ठेवले असते. आतां रोज ठेवावे लागतात. लक्ष्मी रस्त्यावरून घरीं येईपर्यंत माझीं दोन पानं भरतात." आणि त्यानें खिशांतून एक लहानशी वही काढून दाखविली. तींत विनोद एकहि नव्हता. नुसतीं वाक्यें होतीं. भाजीवाल्याची, रिक्षावाल्याची, एका आजीबाईंची, आणि एक आमचेंहि होतें, जें वर्गांत आम्ही इतक्यांदा म्हणतों हें आम्हांला ठाऊक नव्हतें.

मुरविण्याचा आमचा सिद्धान्त त्या वहीपुढें थोडा लंगडा झाला हें खरें. मात्र तो पुरता पडला असें आम्ही म्हणणार नाहीं. रोज कान उघडे ठेवणारा माणूस पंचेचाळिशीनंतर काय करतो, हा प्रश्न त्या वहींत कोठें नव्हता. आम्हीं तो विचारला. त्यानें नुसतीं खांदे उडविले नाहींत, तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "एक कादंबरी आहे डोक्यांत. पण सोमवार येतो." तें वाक्य आम्हांला त्याच्या साऱ्या विनोदापेक्षां अधिक खरें वाटलें आणि अधिक जिव्हारीं लागलें.

पुढें फाल्गुनांत केव्हांसा त्याचा एक भाग लागला. त्यांत एक कंजूष बाप जातां येतां दिवे बंद करतो आणि म्हणतो, "दिवे जाळायला आपण काय वीज मंडळाचे जावई आहोंत?" हें वाक्य त्या घरांत तीस वर्षें रोज म्हटलें गेलेलें. आई हसून हसून खुर्चींतून उतरली आणि त्या नादांत नांवांचा फोटो काढावयाचा राहिला. दुसऱ्या दिवशीं वाण्याच्या दुकानांत एकानें तेंच वाक्य दुसऱ्याला ऐकविलें, तेव्हां वडील तेथेंच रांगेंत उभे होते. कांहीं बोलले नाहींत. घरीं येऊन त्यांनीं मुलास फोन केला आणि त्या एका वाक्याचे किती मिळाले एवढेंच विचारलें. हें सारें त्यांच्या पत्नीनें आम्हांला सांगितलें. आणखी एक सांगितलें: मुलगा सुट्टीस घरीं आला म्हणजे हे हल्लीं जरा मोठ्यानें बोलतात.